समजल्याची सही

झुबेर मुकादमनं सही केली, हे शर्वरीला त्याच्याकडून कळलं नाही. खाडीपलीकडची क्रेन हलायला लागली, तेव्हा कळलं.

न्यायालयाचा आदेश आल्यापासून सोनकुळ खाडीच्या दोन्ही काठांवरचं काम बंद होतं. दक्षिणेकडची बाजू शर्वरी धामणकरकडे, उत्तरेकडची झुबेरकडे. पूल एकच, पण मध्ये जिल्ह्याची हद्द असल्यामुळे इंजिनिअर दोन. तिनं फोन लावला.

"सही केलीस?"

"केली. माणसं बसून आहेत इकडं. तू कधी करतेस?"

"तुला समजलंय सगळं?"

झुबेर हसला. "शर्वरी, आपण एका बाकावर बसून शिकलोय. तुला काय समजलंय ते मला माहीत आहे आणि मला काय समजलंय ते तुला."

हे खरं होतं. कॉलेजात त्यांच्याच वर्षापासून अभ्यासक्रम बदलला होता. 'सूत्र' आलं होतं. जगातल्या हजारो पुलांची, धरणांची, बोगद्यांची माहिती पचवून तयार झालेली ही संगणकप्रणाली. जमीन कशी आहे, वारा किती, वाहतूक किती हे तिला सांगायचं. पूल कसा असावा, कुठं किती सळई, रोज कुठल्या उंचीवर काँक्रीट ओतायचं, हे ती सांगायची. तिचे पूल हलके असत, स्वस्त असत आणि पडत नसत. एकच गोष्ट तिला जमत नसे. 'का' याचं उत्तर ती देऊ शकत नसे. कोट्यवधी आकड्यांतून उत्तर निघायचं, पण त्याची वाट माणसाला वाचता येण्यासारखी नसायची. सुरुवातीला जुने इंजिनिअर हातानं हिशेब करून ते ताडून बघायचे. दरवेळी सूत्रच बरोबर निघायचं. मग ताडून बघणं बंद झालं आणि पाठोपाठ ते शिकवणंही.

मग एका दूरच्या राज्यात नवाकोरा उड्डाणपूल भर दुपारी खाली आला. बरीच माणसं गेली. चौकशीत निघालं की सूत्राची चूक नव्हती. कुणीतरी मातीच्या चाचणीचे आकडे भलत्याच जागेचे भरले होते. त्या मातीला तो पाया पुरणार नाही, हे नुसतं बघून कळायला हवं होतं, पण बघणाऱ्या एकालाही ते कळलं नव्हतं. न्यायमूर्तींनी सही करणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, "या पायात इतकंच लोखंड का?" तो म्हणाला, "सूत्रानं सांगितलं म्हणून." हे उत्तर देशभर गाजलं. त्यानंतर आदेश निघाला. अर्धवट असलेल्या प्रत्येक मोठ्या पुलाच्या इंजिनिअरनं शपथेवर सही करायची: 'या रचनेत काय आहे, किती आहे आणि का आहे, हे मला समजले आहे.' सही नाही तर काम नाही.

पंधरवड्यात देशातल्या जवळपास सगळ्या इंजिनिअरांना सगळं समजलं.

शर्वरीनं सही केली नाही.

मुख्य अभियंता दिवटे स्वतः साइटवर आले. निवृत्तीला टेकलेला, शांत माणूस. चहा संपेपर्यंत कामाचं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धामणकर, तुमचा हट्ट मला कळतो. पण हा पूल अर्धा लटकतोय."

पुलाची रचनाच तशी होती. खाडीत दोन उंच खांब. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना तुकड्यातुकड्यानं हात वाढवत न्यायचे, खांद्यावर कावड तोलावी तसे. एक हात काठाकडे, दुसरा खाडीच्या मध्याकडे. काठाकडचे हात टेकले होते. मधले दोन हात एकमेकांकडे यायचे होते आणि त्यांची टोकं अजून हवेत होती.

"पावसाळ्याआधी हात जुळले नाहीत, तर वादळात या मोकळ्या टोकांचं काय होईल, सांगता येत नाही," दिवटे म्हणाले.

"साहेब, तुम्ही सूत्राच्या आधीचे. तुम्ही बघून द्या ना. तुम्ही समजावलंत तर मी लगेच सही करते."

दिवट्यांनी कप खाली ठेवला. "मला येत होतं. वापरलं नाही, गेलं. पोहणं विसरत नाही म्हणतात, हे विसरतं." ते लाजले नाहीत की चिडले नाहीत. "एप्रिल संपेपर्यंत वेळ देतो. मग दुसरा इंजिनिअर आणावा लागेल. सही करणारा."

शर्वरीच्या हाताखाली पूर्वा गुरव नावाची मुलगी होती, मोजणी विभागाची. उंचीच्या मापात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शर्वरीनं कॉलेजच्या तळघरातून जुनी पुस्तकं मागवली आणि दोघी साइटच्या पत्र्याच्या ऑफिसात शिकायला बसल्या. सुरुवात दोन टेकूंवरच्या साध्या तुळईपासून. ती मधोमध किती वाकेल, याचं उत्तर आधी तुळईच्या लांबीपेक्षा जास्त आलं.

"मॅडम, ही तर खाडीच्या तळाला गेली," पूर्वा म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

हळूहळू जमू लागलं. पूल म्हणजे काय, तर वजनाला जमिनीपर्यंत पोचायची वाट करून देणं, हे वाक्य शर्वरीनं आधीही वाचलं होतं. आता ती वाट तिला दिसायला लागली. कुठली सळई ओढली जातेय, कुठलं काँक्रीट दाबलं जातंय, हे पुलाखालून चालताना कळायला लागलं. वयाच्या पंचेचाळिशीत तिला पहिल्यांदा वाटलं की आपण इंजिनिअर आहोत.

अडलं ते एका ठिकाणी. काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण ते दगड नव्हे. कायम भार असेल तर ते वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतं. इंजिनिअर याला 'क्रीप' म्हणतात. म्हणून लटकता हात बांधताना तो मुद्दाम थोडा उंच ठेवतात. पुढं दबून तो बरोबर जागी येतो. किती उंच ठेवायचा, हाच सगळा खेळ. सूत्र रोज तो आकडा द्यायचं. आता काम थांबल्यामुळे हात अर्धवट लांबीचा तसाच उभा होता आणि दबत होता. म्हणजे शर्वरीचं शिकणंसुद्धा पुलाला फुकट नव्हतं.

फुकट ते इतरांनाही नव्हतं.

ती भाटकरवहिनींच्या माडीवर भाड्यानं राहत होती. वहिनींचे यजमान, भाटकरकाका, डायलिसिसवर होते. डायलिसिसचं हॉस्पिटल खाडीपलीकडे. आठवड्यातून तीनदा ते होडीनं जायचे आणि समुद्र खवळला की खाडीला लांब वळसा घालून जीपनं. एकदा वारा सुटून होडी बंद झाली, वळणाच्या रस्त्यावर जीप बिघडली आणि काका अर्धमेले होऊन पोचले. दुसऱ्या दिवशी वहिनी डबा घेऊन वर आल्या, पण दारातच थांबल्या.

"पलीकडचं काम चालू आहे. आपलंच का बंद?"

शर्वरीनं सांगायचा प्रयत्न केला. पडलेला पूल, शपथ, सगळं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही शिकताय."

"हो."

"शिका की. पण आमच्या जिवावर नका शिकू."

डबा शर्वरीनं तसाच झाकून ठेवला.

क्रीपचं कोडं सोडवायला तिनं साइटवरच प्रयोग मांडला. पुलाच्याच मिश्रणाची, हाताच्या मनगटाएवढ्या जाडीची तुळई ओतली, पत्र्याच्या शेडमध्ये टेकवली, वर वाळूची पोती ठेवली. पूर्वा रोज मोजायची. सूत्रानं पुलासाठी धरलेल्या अंदाजापेक्षा तुळई बरीच जास्त दबत होती. शर्वरीनं खडीची खाण तपासली. मधल्या काळात खाण बदलली होती. नवी खडी थोडी मऊ. तिला कारण सापडलं. सूत्राला विचारलं, तर त्यानं खडी बदलल्याची नोंद आधीच घेतली होती आणि तरी त्याचा आकडा कमीच होता. का, ते अर्थातच सांगता येत नव्हतं.

तिनं दिवट्यांना फोन केला.

"दोन उत्तरं असतील तर सूत्राचं घ्या," ते म्हणाले.

"मग माझी सही खोटी ठरेल. मला जे समजलंय ते वेगळं सांगतंय. समोर तुळई दबताना दिसतेय, साहेब."

दिवटे म्हणाले, "आदेशाप्रमाणे जबाबदारी तुमची. उंचीही तुम्हीच ठरवा."

एप्रिल संपायच्या आत तिनं सही केली. काम सुरू झालं. दक्षिणेचा हात तिनं स्वतःच्या हिशेबानं, सूत्रापेक्षा थोडा जास्त उंच धरत पुढं नेला. साइटवरचा फोरमन काम करणाऱ्यांना ओरडून सांगायचा, "बाईंचं माप, बाईंचं!" आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं.

काम सुरू झालं त्याच महिन्यात भाटकरकाका गेले. त्या दिवशी होडी चालू होती, समुद्र शांत होता. हॉस्पिटलात पोचल्यावर हृदय थांबलं. पूल असता तर वाचले असते, असं कुणाला म्हणता येत नव्हतं, आणि नसते वाचले असंही. शर्वरी खाली जाऊन बसून आली. वहिनींनी पुढं डबा पाठवणं बंद केलं नाही. बोलणं मात्र बंद केलं.

मे महिन्यात दोन्ही हातांची टोकं एकमेकांच्या समोर आली. मधलं अंतर चार-पाच पावलांचं राहिलं. तिथं शेवटचा तुकडा ओतला की पूल सलग होणार होता. पहाटे, उन्हानं काँक्रीट तापून वाकायच्या आधी, पूर्वानं दोन्ही टोकांच्या उंच्या घेतल्या. पुन्हा घेतल्या. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, आपला हात वर आहे. चांगली चार बोटं."

"त्यांचा खाली असेल."

"नाही. त्यांचा जिथं असायला हवा तिथंच आहे."

समोरच्या टोकावर झुबेर उभा होता. दोघांच्या मध्ये मोकळी हवा आणि खाली खाडीचं पाणी. तो ओरडून म्हणाला, "काय झालं?"

"मी चुकले," शर्वरीनं ओरडून सांगितलं.

मागं उभ्या माणसांनी ते ऐकलं. झुबेरनं कान पुढं केला; वाऱ्यामुळे आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं असावं.

ऑफिसात येऊन तिनं सूत्राला परिस्थिती भरून दिली. उत्तर आलं: ही स्थिती नियोजनाबाहेरची, शेवटचे तीन तुकडे तोडून पुन्हा बांधावेत. तोडायचं म्हणजे पावसाळ्याच्या पार. म्हणजे हात वादळात मोकळे.

चूक कुठं झाली, हे तिला दुपारी जेवताना कळलं. कळलं तेव्हा घास हातातच राहिला. तिची प्रयोगाची तुळई मनगटाएवढी होती. पुलाच्या भिंती त्याच्या कितीतरी पट जाड. काँक्रीट जितकं वाळतं तितकं जास्त दबतं; बारीक तुळई शेडमधल्या गरम हवेत चटकन वाळली, म्हणून भराभर दबली. पुलाचं जाड अंग आतून अजून ओलं होतं. खाडीची दमट हवा त्याला वाळू देत नव्हती. ते कमी दबलं आणि वरच राहिलं. पुस्तकात हे होतं. तिनं ते पानही वाचलं होतं. पण वाचणं आणि आठवणं, वेळेवर आठवणं, यात जे अंतर असतं त्याला अनुभव म्हणतात आणि तो तिच्याकडे नव्हता.

संध्याकाळी झुबेर होडीनं आला. बरोबर त्यानं उकडलेली अंडी आणि पाव आणले होते, कॉलेजातल्या सवयीनं.

"सगळे म्हणतील, बाईनं शहाणपणा केला आणि पूल बिघडवला," तो म्हणाला. "माझा हात बघ. जिथल्या तिथं."

"हो. तुझा बरोबर आला."

"मग?"

"मग काही नाही. माझा खाली आणायचाय. टोकावर पाण्याच्या टाक्या ठेवायच्या, भरायच्या. वजनानं हात वाकेल. समान पातळीवर आला की मधला तुकडा ओतायचा. काँक्रीट पक्कं झालं की पाणी सोडून द्यायचं."

"सोडलं की हात पुन्हा वर उसळणार."

"उसळेल, पण आता तुझा हात त्याला धरून असेल. मग तो ताण तुझ्या हातातून तुझ्या खांबापर्यंत जाणार. तुझ्या खांबाला तो झेपेल का, हे मला हवंय. खांबाच्या मानेशी, आतल्या बाजूला, इतक्या जाड सळया का आहेत, झुबेर? माझ्या बाजूला तेवढ्या नाहीत."

झुबेर पावाचा तुकडा मोडत राहिला.

"मला काय माहीत?"

"तू शपथेवर लिहिलंयस."

"तूही लिहिलंस, आणि चार बोटं चुकलीस!" तो एकदम भडकला. "मी काही न कळता बरोबर आलो. सांग, कोण बरं? पुलाला कोण हवंय?"

बाहेर पूर्वा मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई आवरत होती, ती थबकली.

शर्वरी शांतपणे म्हणाली, "आजपर्यंत तूच बरा होतास. खरंच सांगते. उद्या काय करायचं, ते तुला सांगता येतंय का?"

तो उठून बाहेर गेला. तिला वाटलं, गेला. पण होडीचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं तो आत आला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"कुठून सुरू करायचं?" त्यानं विचारलं.

पुढचे काही दिवस तो रोज येत होता. खांबाच्या मानेतल्या जाड सळयांचं कारण शेवटी त्यालाच सापडलं. उत्तरेचा खांब खोल पाण्यात होता. भरतीच्या प्रवाहाची ढकल त्या बाजूनं यायची. सापडलं तेव्हा त्यानं टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पूर्वाचा चहा सांडला. ताण झेपणार होता, बऱ्यापैकी जागा ठेवून. शर्वरीनं हिशेब मांडला, पूर्वानं तपासला, मग झुबेरनं अगदी वेगळ्या रीतीनं पुन्हा मांडून बघितला. दिवट्यांनी तो घेऊन दोन दिवस दार लावून वाचला आणि खाली लिहिलं: 'मला पुन्हा थोडं समजू लागलं आहे. काम करावे.'

टाक्या चढल्या. पाणी भरलं. दक्षिणेचा हात खाली आला, समोरच्या हाताच्या ओळीत. पहाटेच्या गारव्यात मधला तुकडा ओतला.

काँक्रीट पक्कं व्हायची वाट बघताना झुबेर म्हणाला, "सोमवारी न्यायालयात जातोय. माझी सही मागं घ्यायला."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे, असं म्हणवत नाही मला. घरी सांगितलंय, बायको दोन दिवस बोलली नाही. पण न समजता केली होती, हे लिहून द्यायचंय. आणि खाली लिहिणार आहे की आता कुठं समजलंय नि कुठं नाही."

"चौकशी माझीही लागलीय. उशिराची आणि चुकीची, दोन्ही."

"मग बरोबरच जाऊ."

पाणी सोडायच्या दिवशी पुलावर गर्दी झाली. दिवटे आले होते, दोन्ही काठांवर गावं जमली होती. दक्षिणेच्या काठावर, गर्दीपासून जरा लांब, भाटकरवहिनी उभ्या होत्या. शर्वरीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर फिरवली नाही, हसल्याही नाहीत.

पूर्वा दुर्बिणीला डोळा लावून बसली. शर्वरीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "पाणी गेल्यावर सांधा वर येईल. दीड बोट. त्याहून जास्त येऊ लागला तर लगेच पाणी थांबवायचं."

तोट्या उघडल्या. पाणी पांढऱ्या धारांनी खाडीत पडायला लागलं. पायाखालचा पूल हलतोय असं कुणालाच जाणवलं नाही, पण सगळे पायांकडेच बघत होते.

"अर्धं," पूर्वा म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "पाऊण... एक."

टाक्या रिकाम्या झाल्या. शेवटचे थेंब वाऱ्यानं उडून गेले.

"एक. थांबलं, मॅडम. एकच बोट."

झुबेर पालथा पडून सांध्याची खालची बाजू आरशातून तपासत होता. "चीर नाही," तो ओरडला. "कुठंच नाही!"

काठांवर टाळ्या वाजल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. दिवटे रुमालानं मान पुसत कुणाला तरी फोनवर सांगत होते, "झाला, झाला सलग!" फोरमननं टाकीवर चढून टोपी उडवली.

झुबेर उठला, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि शर्वरीजवळ आला. तो हसत नव्हता.

"दीड म्हणाली होतीस."

"हो."

"एक आलं. धोका नाही, ते कळतंय मला. पण अर्धं बोट गेलं कुठं?"

शर्वरी सांध्याकडे बघत राहिली. "माहीत नाही."

"सूत्राला विचारू का?" पूर्वानं विचारलं.

"विचार, पण नंतर," झुबेर म्हणाला. त्यानं एक रिकामं खोकं पायानं ओढलं, उलटं केलं आणि त्यावर नकाशा पसरला. "आधी माझ्या बाजूचं बघू. माझा हात आपण धरला त्यापेक्षा ताठ असणार. बस इथं, सावलीला."